चौकटीबाहेरचा तुणतुणेवाला

मी व्यवसायाने फोटोग्राफर. बीड तालुक्यातलं लिंबागणेश हे माझं गाव. लग्नं, बारशी आणि पासपोर्टचे फोटो यांवर माझं घर चालतं. पण नाटक, तमाशा, भारूड, गोंधळ यांचे फोटो काढण्याचा नाद मी जवळपास चाळीस वर्षं सांभाळला आहे. ‘चालू प्रयोगाचा फोटो’ या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं, तेव्हा डोळ्यांपुढे आला तो एक तुणतुणेवाला. आणि गंमत अशी, की त्याचा फोटो माझ्याकडे नाही. का नाही, हे सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

मराठी नाटक आणि कॅमेरा ही तशी पाठोपाठची भावंडं. फोटो काढण्याची दागेरची रीत १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग केला तो ५ नोव्हेंबर १८४३ रोजी. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटीही निघाली. तरीसुद्धा रंगात आलेल्या प्रयोगाचा फोटो पुढे कित्येक वर्षं निघू शकला नाही. कारण साधं होतं. उजेड पुरत नव्हता. त्या वेळच्या ओल्या काचेवर चित्र उमटायला चांगल्या उजेडातही काही सेकंद लागत. रंगमंचावर तर दिवे आणि मशाली. नट जरा हलला की काचेवर नुसतं धुकं.

मग नटमंडळी पोशाख चढवून दिवसा स्टुडिओत जात. मागे रंगवलेला पडदा, मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी टेकू, आणि ‘आता श्वास रोखा’ अशी सूचना. पुढे काचा सुधारल्या, वेळ कमी लागू लागला, पण स्टुडिओत जायची रीत राहिली. बालगंधर्वांची भामिनी किंवा सिंधू आज आपण फोटोंत पाहतो, ती बहुतेक फोटोसाठी उभी राहिलेली आहे. गाता गाता टिपलेली नाही. तरी ते फोटो आहेत हे आपलं भाग्य. पण स्टुडिओत बोलावणं कुणाला जाई? नायकाला, नायिकेला. साथीदाराला, पडदा ओढणाऱ्याला, पात्रांना रंगवणाऱ्याला कोण बोलावणार?

आमचा बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सहाव्या निजामाच्या दरबारी लाला दीनदयाळ यांच्यासारखा थोर फोटोग्राफर होता. निजामाने त्यांना ‘राजा’ हा किताब दिला. त्यांच्या कॅमेऱ्यापुढे महाल आले, शिकारी आल्या, लष्कराच्या कवायती आल्या. जत्रेतला फड त्या कॅमेऱ्यापुढे येण्याचं कारणच नव्हतं.

पुढे यंत्र बदललं. १९२५ साली लायका हा हातात मावणारा कॅमेरा बाजारात आला. १९५४ साली कोडॅकची ट्राय-एक्स ही जलद फिल्म छोट्या कॅमेऱ्यांसाठी मिळू लागली आणि रंगमंचाच्याच उजेडात, नटाला न थांबवता फोटो काढणं आवाक्यात आलं. १९७२ साली पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं. ज्यांनी तो प्रयोग पाहिला नाही, त्यांनाही त्यातली माणसांची भिंत ओळखीची वाटते, ती पुष्कळशी फोटोंमुळेच.

आता माझी गोष्ट. १९८७ साली मी जुना याशिका कॅमेरा घेतला आणि गावच्या जत्रेत तमाशाच्या फडापुढे जाऊन बसलो. ऑर्वोचा एक रोल, छत्तीस फोटो, आणि लग्नात वापरायचा फ्लॅश. गण झाला, गवळण सुरू झाली. नाचणारी गिरकी घेत पुढे आली आणि मी फ्लॅश मारला. बाईच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पाय चुकला, गाण्याची ओळ तुटली. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या झीलकऱ्याने तुणतुणं छेडत ‘जी जी’ची झील अशी काही लांबवली, की तिला सावरायला पुरेसा वेळ मिळाला. लोकांना काही कळलंच नाही. पहाटे फड संपल्यावर तोच माझ्याजवळ आला. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. म्हणाले, “बाळा, इजंवानी लख्ख करू नको. आमचं काम थांबतंय. समेवर बघ, पाय आपसूक थांबतो. तवा काढ.”

माझं सगळं शिक्षण त्या वाक्यात झालं. ढोलकीचा तुकडा संपतो तिथे, समेवर, नाचणारीचा पाय क्षणभर थबकतो. तेव्हा बटण दाबलं तर सेकंदाच्या तिसाव्या हिश्शातही फोटो स्वच्छ येतो. फ्लॅश लागत नाही. त्यानंतर मी प्रयोगात कधी फ्लॅश वापरला नाही. कानाने फोटो काढायला शिकलो म्हणा ना!

पंचवीसेक वर्षांनी मामा माझ्या दुकानात आले. आपल्या राज्यात १९५४-५५ पासून वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची योजना आहे. तिच्या अर्जासोबत कला सादर केल्याचे पुरावे जोडावे लागतात. मामा संकोचून म्हणाले, “माझा एखादा फोटू हाय का रं तुझ्यापशी?”

मी म्हणालो, “मामा, तुमचा नसेल तर कुणाचा असेल?” आणि पत्र्याची पेटी उघडली. काही निगेटिव्ह दमट हवेने चिकटले होते, काहींवर बुरशी चढली होती. उरलेले एकेक करून उजेडावर धरले. नाचणारीचे होते, सोंगाड्याचे होते, ढोलकीवाल्याचेही होते. मामा कुठेच नव्हते. एका फोटोत उडत्या पदराच्या मागे एक हात आणि तुणतुण्याची खुंटी दिसत होती. मामांनी ओळखलं. “ह्यो हात माझाच हाय,” म्हणाले. पण नुसत्या हाताच्या फोटोने अर्ज कसा भरणार?

त्याआधी संदेश भंडारे यांचं ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे २००६ साली आलेलं पुस्तक मी पाहिलं होतं. त्यांचा कॅमेरा फडासोबत फिरला आणि तंबूच्या आतलं जगणंही पाहत राहिला. ते पुस्तक मी कौतुकाने चाळलं होतं. मामांपुढे पेटी उघडून बसलो, तेव्हा मात्र त्याचा अर्थ नीट कळला. जुन्या स्टुडिओवाल्याला उजेडाची अडचण होती. मला कसली होती? मी फक्त मध्ये पाहत होतो.

मामांचं मानधन पुढे सुरू झालं, पण ते गावाने दिलेल्या दाखल्यावर आणि फडाच्या मालकाच्या चिठ्ठीवर. माझ्या फोटोंचा त्यात काही उपयोग झाला नाही. आज मामा नाहीत. त्यांच्या घरात भिंतीवर हार घातलेला फोटो आहे, तो आधार कार्डावरून मोठा केलेला. तो मीच करून दिला. त्यात तुणतुणं नाही.

तेव्हापासून कुठलाही प्रयोग असो, माझे पहिले चार-सहा फोटो कडेच्या माणसांचे असतात. झीलकरी, संबळवाला, दिवे सांभाळणारा पोरगा, पुढे बसलेली माणसं. घरी आलो की फोटोमागे नाव, गाव आणि तारीख लिहितो. आता हजारो फोटो फोनमध्ये निघतात, पण नावं कोण लिहितं? तुमच्या घरी मेळ्याचे, गॅदरिंगचे, भजनी मंडळाचे जुने फोटो असतील. ओळखणारी म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना घेऊन बसा, आणि विचारताना कडेच्या माणसापासून सुरुवात करा. मधल्याचं नाव कुणीही सांगेल.