नाळ आमच्या हाती, सही डॉक्टरच्या हाती

बाळंतपणाचा विटाळ सोवळ्या घरांना सोसत नव्हता. म्हणून नाळ कापायला अस्पृश्य वस्तीतली बाई लागायची. देवरी तेव्हा मध्य प्रांताच्या भंडारा जिल्ह्यात होती. या प्रांताच्या जाती-जमातींवरचा रसेल आणि हिरालाल यांचा ग्रंथ १९१६ साली निघाला. त्यात चांभार आणि मांग बायका सुईणपण करतात अशी नोंद आहे. ज्ञान त्यांचे होते, पण त्याला ज्ञान म्हणायचे नाही, घाण म्हणायचे, हा जातिव्यवस्थेचा कावा.

१८८५ मध्ये डफरीन फंड आला, १९०३ मध्ये दायांना शिकवण्यासाठी व्हिक्टोरिया फंड आला. अस्वच्छ हत्यारांनी बायका मरत होत्या हे खरेच होते, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. पण दोष कोणाच्या माथी गेला? काम घाण म्हणून आमच्या बायकांना दिले, आणि मग त्या बायका घाण म्हणून काम काढून घेतले.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाईच्या बाळंतपणाचा भार मालकाने आणि शासनाने उचलावा, ही त्यांची भूमिका. १९२९ मध्ये मुंबईत कायदा झाला, १९३० मध्ये मध्य प्रांतानेही केला. पण तो कारखान्यातल्या बाईसाठी. देवरीच्या जंगलात मोहफुले वेचणाऱ्या गोंड बाईपर्यंत तो कसा पोचणार?

तिच्यापर्यंत पोचली ती नर्सबाई. स्वातंत्र्यानंतर एएनएमचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला, त्यात बाळंतपण हा गाभा होता. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय कार्यकर्ती केले, आणि पुढे प्रशिक्षण दीड वर्षावर आले. आणीबाणीत नसबंदीचे टार्गेट तिच्याच डोक्यावर. (टार्गेट गाठायला ती शहाणी, बाळंतपणाला मात्र अडाणी!) बाळंतीण रक्तस्रावाने जात असेल तर ठराविक औषधे नर्सबाईने स्वतः द्यावीत, ही परवानगी केंद्राने २००५ च्या सुमारास दिली. तोवर इंजेक्शन टोचणारा हात तिचा, अधिकार डॉक्टरचा.

डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने मिडवायफरीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. दीड वर्षाचे जादा प्रशिक्षण घेतलेली परिचारिका साधे, कमी जोखमीचे बाळंतपण स्वतःच्या जबाबदारीवर करील, गुंतागुंत दिसली तर डॉक्टरकडे पाठवील. धोरण चांगले आहे. पण बारीक अक्षरे वाचा. प्रवेश जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्यांनाच. उपकेंद्रातली एएनएम त्यात बसतच नाही. आणि ही केंद्रे आधी उघडायची ती जास्त बाळंतपणे होणाऱ्या मोठ्या रुग्णालयांत, म्हणजे जिथे डॉक्टर आहेतच तिथे. चिचगड-ककोडीच्या पट्ट्यातून गोंदियाचे बाई गंगाबाई रुग्णालय पन्नास किलोमीटरांहून लांब. त्या वाटेवर डॉक्टरची देखरेख म्हणजे कागदावरची ओळ.

आपल्यातलेच काही मित्र विचारतात, शहराला डॉक्टर आणि आदिवासी-दलितांना नर्स, हा नवा भेदभाव नाही का? प्रश्न रास्त आहे. पण स्वीडनने १८२९ मध्येच सुईणींना प्रसूतीची हत्यारे वापरण्याचा अधिकार दिला, आणि तिथल्या माता वाचल्या. ब्रिटनमध्ये तर राजघराण्याचीही बाळंतपणे मिडवाइफ करतात. प्रशिक्षित हाताला अधिकार देणे म्हणजे स्वस्तातला माल गरिबाच्या गळ्यात मारणे नव्हे. तसे होते ते अधिकार देऊन रुग्णवाहिका, रक्त आणि सिझेरियनची सोय न देण्याने.

म्हणून मागणी नेमकी हवी. एएनएमला या प्रशिक्षणाचा दरवाजा उघडा, देवरीसारख्या तालुक्यांतल्या मुलींना त्यात आरक्षणाप्रमाणे जागा द्या, आणि पहिले केंद्र ग्रामीण रुग्णालयात काढा. रात्री बाळंतपण बिघडले तर चौकशीची नोटीस नर्सबाईच्या नावावर येते. निर्णयाचा हक्क मात्र अजून तिच्या नावावर नाही.