पहिला विजेता आणि त्याचा डावा पाय

मोटारींची शर्यत म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फॉर्म्युला वनची गाडी येते. जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, उघड्या चाकांची. ती शर्यतीसाठीच जन्माला आलेली असते. तिच्यातून कुणी बाजारात भाजी आणायला जात नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मात्र शर्यतीचा एक वेगळाच प्रकार वाढला. त्याचं नाव स्टॉक कार रेसिंग. स्टॉक म्हणजे दुकानातला माल. जी गाडी कुणीही विकत घेऊ शकतो, जिच्यात बायकामुलांना बसवून रविवारी चर्चला जातो, तीच घेऊन मैदानात उतरायचं, अशी त्यामागची मूळ कल्पना. आज या शर्यतीतल्या गाड्या खास बांधलेल्या असतात. पण सुरुवात तशी झाली.

या शर्यती भरवणारी संस्था म्हणजे नॅसकार. तिच्या मुख्य स्पर्धेचा पहिला विजेता १९४९ साली ठरला. त्याचं नाव रेड बायरन. विक्रमांच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे काय दिसतं? एकूण शर्यती पंधरा, विजय दोन. पुढे याच स्पर्धेत रिचर्ड पेटी नावाच्या चालकाने दोनशे शर्यती जिंकल्या. दोनशेच्या शेजारी दोन ठेवले की बायरन अगदी किरकोळ वाटू लागतो. पण या दोनच्या मागे एक युद्ध आहे, एक मोडलेला पाय आहे आणि एका लहान मुलाचा मृत्यूही आहे. तक्त्यात यातलं काहीच नाही.

ही गोष्ट खरं तर दारूपासून सुरू होते. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशभर दारूबंदी होती. ती उठली, तरी दक्षिणेतल्या कित्येक भागांत स्थानिक बंदी कायम राहिली. जिथे बंदी नव्हती तिथे कर होता. त्यामुळे जॉर्जियाच्या डोंगरांतल्या हातभट्ट्या काही विझल्या नाहीत. रात्री गाडीत माल भरायचा आणि डोंगरातल्या वळणावळणाच्या रस्त्याने अटलांटा शहर गाठायचं. मागे पोलीस लागले तर निसटता आलं पाहिजे. १९३२ साली फोर्ड कंपनीने सामान्य माणसाला परवडणाऱ्या गाडीत आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन बसवलं आणि या धंद्याला हवा तसा घोडा मिळाला. बाहेरून गाडी साधी दिसायची. आत इंजिनावर हात फिरवलेला असायचा आणि मालाच्या ओझ्याने गाडी मागे बसू नये म्हणून स्प्रिंगा कडक केलेल्या असायच्या. आठवडाभर पोलिसांना चुकवणारी पोरं मग रविवारी आपसात पैजा लावू लागली. कुणाची गाडी जास्त पळते ते पाहू, म्हणू लागली.

या पोरांच्या मागे पैसा उभा करणारा माणूस म्हणजे रेमंड पार्क्स. त्याने लहान वयात घर सोडलं, हातभट्टीची वाहतूक केली, तुरुंगाची हवा खाल्ली आणि पुढे अटलांटात सरळ मार्गाचे धंदे उभे केले. त्याच्या गाड्यांवर काम करणारा मेकॅनिक होता रेड व्होग्ट. पार्क्सच्या नात्यातला लॉइड सी हा तरुण त्याची गाडी चालवायचा आणि त्याला तोड नव्हती. १९४१ च्या सप्टेंबरमध्ये त्याने अटलांटातली मोठी शर्यत जिंकली. दुसऱ्याच दिवशी हातभट्टीसाठी घेतलेल्या साखरेच्या हिशेबावरून भांडण झालं आणि त्याच्याच एका नातेवाइकाने त्याला गोळी घातली. वय होतं २१. त्यानंतर थोड्याच महिन्यांत अमेरिका महायुद्धात उतरली आणि शर्यती थांबल्या.

बायरन या दारूवाल्यांच्या गोतावळ्यातला नव्हता. त्याचा जन्म १९१५ सालचा, व्हर्जिनिया राज्यातला. लहानपण कोलोरॅडोत गेलं आणि पुढे तो अलाबामात आला. खरं नाव रॉबर्ट. युद्धाआधीच तो शर्यतीत नाव कमावू लागला होता. युद्ध आलं आणि तो विमानदलात गेला. १९४२ साली जपानने अलास्काच्या पश्चिमेकडच्या अल्यूशियन बेटांपैकी दोन बेटं काबीज केली होती. त्या भागात धुकं, बर्फ आणि वादळ यांचंच राज्य. तिथल्या बॉम्बफेकी विमानांवर बायरनची नेमणूक झाली. एका मोहिमेत खालून आलेल्या तोफेच्या माऱ्याने त्याचा डावा पाय छिन्नविच्छिन्न झाला. पुढची दोन वर्षांहून अधिक काळ तो लष्करी इस्पितळांत होता. हा माणूस पुन्हा नीट चालेल, याची डॉक्टरांना खात्री नव्हती.

मोटार चालवणाऱ्यांना सांगायला नको, डावा पाय क्लचचा. गिअर बदलायचा तर तो दाबावा लागतो. खडबडीत मातीच्या रिंगणात, गाडी घसरत असताना, मागचापुढचा अंगावर येत असताना, तो क्षणात दाबावा आणि क्षणात सोडावा लागतो. बायरनच्या पायात ती ताकद उरली नव्हती. मग त्या पायाला लोखंडी आधार बांधून तो थेट क्लचच्या पेडलला जखडण्याची व्यवस्था करण्यात आली. पाय पेडलवरून निसटू नये हा त्यातला हेतू. मात्र गाडीने पेट घेतला किंवा ती उलटली, तर पटकन बाहेर उडी टाकणं इतरांना जेवढं सोपं, तेवढं त्याला राहिलं नाही. आता तो रेमंड पार्क्सची गाडी चालवत होता. पार्क्सही युद्धावरून परतलेला, युरोपातल्या कडाक्याच्या थंडीतली लढाई पाहिलेला सैनिक होता.

डिसेंबर १९४७ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीच गावात, स्ट्रीमलाइन हॉटेलात, बिल फ्रान्स नावाच्या संयोजकाने एक बैठक बोलावली. तोपर्यंत शर्यतींना शेंडा ना बुडखा. नियम प्रत्येक गावचे वेगळे. कधी बक्षिसाची रक्कम घेऊन संयोजकच पसार व्हायचा आणि शर्यत जिंकलेला चालक रिकाम्या हाताने घरी जायचा. एक संस्था हवी, एक नियम हवेत, एक विजेता हवा, असं ठरलं. बायरन आणि मेकॅनिक व्होग्ट दोघेही त्या बैठकीत होते. नॅसकार हे नाव व्होग्टने सुचवलं. १५ फेब्रुवारी १९४८ रोजी डेटोनाच्या किनाऱ्यावर नव्या संस्थेची पहिली शर्यत झाली. अर्धी वाट समुद्रकाठच्या वाळूतून, अर्धी शेजारच्या डांबरी रस्त्यावरून. ती जिंकली बायरनने, पार्क्सच्या मालकीच्या आणि व्होग्टने सजवलेल्या १९३९ च्या फोर्डमधून.

युद्धानंतर नव्या गाड्यांची टंचाई होती. गिऱ्हाइकांनाच गाडी मिळत नव्हती, तिथे शर्यतीत मोडायला कोण देणार? म्हणून १९४८ चा हंगाम जुन्या, फेरफार केलेल्या गाड्यांवर झाला. त्या वर्षी फाँटी फ्लॉकने १५ शर्यती जिंकल्या आणि बायरनने ११. तरी गुणांच्या बेरजेत बायरन तेहतिसाहून कमी गुणांच्या फरकाने पुढे राहिला आणि विजेता ठरला.

त्याच हंगामातली जुलै महिन्यातली एक दुपार. जॉर्जियातल्या कोलंबस गावी शर्यत चालू होती. बायरनच्या गाडीचा टायर फुटला, गाडी हाताबाहेर गेली आणि प्रेक्षकांत घुसली. अनेक जण जखमी झाले. सात वर्षांचा एक मुलगा दगावला. त्या काळच्या मैदानांत प्रेक्षक आणि धावत्या गाड्या यांच्यामध्ये जेमतेम कुंपण असायचं. कधी तेही नसायचं. लोकांना वेग अगदी जवळून पाहायचा असायचा आणि संयोजकांना तिकिटं विकायची असायची. बायरनने यानंतरही गाडी चालवली आणि हंगाम जिंकला. युद्धात जखमी झालेल्या वीराचं पुनरागमन, अशी ही गोष्ट सांगताना हा प्रसंग गाळण्याचा मोह होतो. तो गाळू नये. एका घरात त्या दिवशी मूल परतलं नाही, आणि विजेतेपदाच्या त्या वर्षाचा तोही हिशेब आहे.

१९४९ साली नव्या गाड्या मिळू लागल्या आणि बिल फ्रान्सने खऱ्याखुऱ्या स्टॉक कारची स्पर्धा सुरू केली. गाडी कारखान्यातून आली तशीच हवी, ही अट. १९ जून रोजी शार्लट इथे पहिली शर्यत झाली. ग्लेन डनवे पहिला आला. तपासणीत आढळलं की त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगांत फेरफार होता. अगदी हातभट्टीवाल्यांचा जुना तोडगा! डनवेला बाद करून कॅन्ससच्या जिम रोपरला विजयी घोषित केलं. बायरन तिसरा आला. डनवेच्या गाडीचा मालक कोर्टात गेला आणि हरला. त्या निकालाने एक गोष्ट पक्की झाली : यापुढे नियम संस्था करणार आणि ते सर्वांनी मानायचे.

त्या वर्षी एकूण आठ शर्यती झाल्या. बायरन त्यांपैकी सहांत उतरला आणि पार्क्सच्या ओल्ड्समोबिल ८८ मधून त्याने डेटोना आणि मार्टिन्सव्हिल या दोन शर्यती जिंकल्या. ८४२.५ गुणांनी तो पहिला आला. दुसरा होता ली पेटी, ज्या रिचर्ड पेटीचा उल्लेख मी आधी केला त्याचे वडील.

पुढच्याच वर्षी नियमांची दुसरी बाजू दिसली. संस्थेबाहेरच्या शर्यतीत भाग घेतला म्हणून बायरनचे कमावलेले गुण काढून घेण्यात आले. ली पेटीलाही हीच शिक्षा झाली. जिथे बक्षीस तिथे चालक, अशी तोवरची रीत होती. ती संस्थेने मोडून काढली. ज्या बैठकीत एक संस्था आणि एक नियम ठरले, तिथे बसलेला माणूसच त्या नियमाखाली आला. १९५१ नंतर तो या शर्यतींत दिसला नाही. तब्येत साथ देत नव्हती. रेमंड पार्क्सनेही याच सुमारास हात आखडता घेतला, कारण या खेळात त्याचा पैसा येत कमी होता आणि जात जास्त होता.

बायरन पुढे स्पोर्ट्स कारच्या संघांबरोबर काम करीत राहिला. ११ नोव्हेंबर १९६० रोजी शिकागोच्या एका हॉटेलच्या खोलीत हृदयविकाराने तो गेला. वय ४५. अमेरिकेत ११ नोव्हेंबर हा माजी सैनिकांचा सन्मान करण्याचा दिवस असतो.

नॅसकार पुढे कोट्यवधी डॉलरचा कारभार झाला. २०१० साली संस्थेचं सन्मान दालन उघडलं. पार्क्स त्याच वर्षी, ९६ व्या वर्षी वारला. त्याला त्या दालनात जागा मिळाली २०१७ साली आणि बायरनला २०१८ साली. पहिल्या विजेत्याच्या आधी त्या दालनात कित्येक जण जाऊन बसले होते. त्यात कुणाचा कट नसावा. दालनात कुणाला घ्यायचं हे ठरवणाऱ्यांपुढे तक्ता असतो आणि तक्त्यात दोन विजय दिसतात.

आकडे खोटं बोलत नाहीत. त्यांना जेवढं विचारावं तेवढंच ते सांगतात. किती शर्यती जिंकल्या, याचं उत्तर दोन. एका जखडलेल्या पायाने, मागे इतकं काही टाकून, गाडीत पुन्हा जाऊन बसायला काय लागतं, हे विचारायचं असेल तर तक्ता मिटून त्या माणसाची हकीकत वाचावी लागते. आणि ती वाचताना कोलंबसच्या त्या मुलापाशीही थांबावं लागतं.