मागचं चाक जमिनीवर

दिल्ली कॅन्टला येऊन आठ महिने झाले. या ब्लॉगवरचे आजवरचे लेख डोंगरातल्या नाहीतर वाळवंटातल्या पोस्टिंगचे होते. त्यामुळे एका माजी सैनिक वाचकाने विचारलं, "दिल्लीत बसून काय लिहिणार आता?" बरोबर आहे त्यांचं. तरी आज लिहितो, मोटरसायकलच्या स्प्रिंगबद्दल. हसू नका. त्यात फौजेचा इतिहास आहे, आणि माझी कंबरही आहे.

ऑक्टोबरात मी सेकंड-हँड एक्सपल्स घेतली. रविवारी सुट्टी असली की सोहना रोडने दमदम्याच्या बाजूला जायचं, अरवलीच्या पायथ्याशी कच्च्या रस्त्यावर फिरायचं आणि दुपारच्या जेवणाला परत. पक्क्या रस्त्यावर वीस वर्षं गाडी चालवली आहे, पण दगडगोट्यांत मी रिक्रूटच. मोठा खड्डा आला की मागचा शॉकअप टण्णकन तळाला लागायचा. आपल्याकडे शॉकअप म्हणतात, इथले मिस्त्री शॉकर म्हणतात. माझा हिशेब सरळ होता: तळाला लागतो म्हणजे मऊ आहे, मऊ आहे म्हणजे कडक करा. मागच्या स्प्रिंगचा ताण वाढवायला दहा घरं असतात. मी पाना घेतला आणि पहिल्या घरावरून थेट दहाव्यावर गेलो.

पुढच्या रविवारी एका उतारावर मागचं चाक दगडावरून उडालं, बाजूला सरकलं आणि मी गाडीसकट आडवा. हाड मोडलं नाही, पण कंबर चार दिवस धरली. माझं वार्षिक मेडिकल जानेवारीत. शेप-वनमधून खाली आलो तर पुढचा कोर्स गेला आणि त्याच्या मागे प्रमोशनही. माजी सैनिकांना हे समजावून सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी एवढंच की आमच्याकडे कंबर ही खाजगी बाब नसते.

पडून राहिलो तेव्हा माझ्या जुन्या उस्तादांना फोन लावला. ते सिग्नल्समधले डीआर, म्हणजे डिस्पॅच रायडर. आता कोरेगाव तालुक्यात शेती करतात. सगळी नोकरी बुलेटवर गेली आणि शेवटची काही वर्षं कमरेमुळे लो मेडिकल कॅटेगरीत. कमरेला रुंद पट्टा आवळून ते डाक घेऊन निघायचे, हे मी रिक्रूट असताना पाहिलेलं आहे. सगळं ऐकून ते म्हणाले, "कडक केलीस होय? अरे, आमच्या आधीच्या पिढीच्या गाडीला मागं स्प्रिंगच नव्हती. त्यांच्याइतकी कडक कुणाची असणार?"

हे वाक्य डोक्यात राहिलं आणि मी वाचायला बसलो.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि भारतीय सैन्याच्या डीआरना ज्या गाड्या मिळाल्या त्यांत बीएसए एम-२० आणि नॉर्टन १६-एच या मुख्य. दोन्हींचं मागचं चाक सांगाड्याला थेट घट्ट बसवलेलं. स्प्रिंग असायची ती सीटखाली. पुढे गर्डर फोर्क: दोन दांड्यांची चौकट, मधे एक स्प्रिंग, आणि तिची उसळी आवरायला घर्षणाच्या चकत्या, ज्या हाताने मूठ फिरवून आवळायच्या. तेलाने उसळी धरणारा टेलिस्कोपिक फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ सालीच आर-१२ वर आणला होता. इंग्रजांच्या बाजूला १९४१ मध्ये मॅचलेसच्या जी-३/एल ला तसा फोर्क मिळाला आणि डीआर लोकांनी ती गाडी डोक्यावर घेतली. पण मागे तीही कोरडीच. म्हणजे युद्धभर डाकवाल्याचा मागचा शॉकअप त्याचा स्वतःचा मणका होता.

मागे स्प्रिंग द्यायचं तंत्र माहीत नव्हतं असं नाही. अडचण समजुतीची होती. दगडचिखलातल्या ट्रायल स्पर्धांचे जाणकार म्हणत की मागे स्प्रिंग दिली तर चाकाची पकड जाईल आणि जोर स्प्रिंग दाबण्यात वाया जाईल. शर्यतीची गाडी मागे कडकच हवी. थोडक्यात, दमदम्याला माझं जे मत होतं तेच.

ही समजूत मोडली ती बुलेटने. फेब्रुवारी १९४८ मध्ये इंग्लंडच्या कोलमोर कप ट्रायलमध्ये रॉयल एनफील्डने नव्या बुलेटचे नमुने उतरवले. मागे स्विंगआर्म, आणि दोन्ही बाजूंना तेलाचे शॉकअप. त्याच वर्षी इटलीत सान रेमोला इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल झाली. ब्रिटनच्या ट्रॉफी संघात दोन बुलेट होत्या. दोघांनाही सुवर्णपदक मिळालं आणि ट्रॉफी ब्रिटनने नेली. १९४९ मध्ये गाडी बाजारात आली. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या सैन्याला सीमेवरच्या गस्तीसाठी मोटरसायकल हवी होती, तेव्हा हीच ३५० सीसी बुलेट निवडली गेली. १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया उभी राहिली. रेडिचचा मूळ कारखाना १९६७ ला बंद पडला, आपली बुलेट चालूच राहिली. लोक बुलेटच्या आवाजाबद्दल बोलतात. फौजेच्या दृष्टीने मला आता त्या दोन मागच्या नळ्या जास्त महत्त्वाच्या वाटतात. २६ जानेवारीला कर्तव्य पथावर सिग्नल्सचे डेअरडेव्हिल्स एका बुलेटवर मनोरा रचतात, तेव्हा सगळे वर माणसांकडे बघतात. यंदा मी खाली शॉकअपकडे बघणार आहे.

बुलेटने सिद्ध केलं ते असं: स्प्रिंग आधी चाकासाठी आहे, कमरेसाठी नंतर. दगड आला की चाकाने वर जायचं, खळगा आला की खाली उतरायचं, आणि टायरने जमीन सोडायची नाही. जमीन सुटली की ब्रेक नाही, जोर नाही, दिशाही नाही. पुढचा मोठा टप्पा १९७३ चा. बेल्जियमच्या ल्यूसिएन टिल्केन्स या अभियंत्याची एकाच शॉकअपची रचना यामाहाने मोटोक्रॉसच्या गाडीला लावली आणि हाकन अँडरसनने त्या वर्षीचं २५० सीसीचं जगज्जेतेपद जिंकलं. त्यानंतर चाकाची वरखाली होण्याची जागा वाढत गेली. आपल्याकडे शॉकअप बनवणारी गॅब्रिएल १९६१ मध्ये मुलुंडला सुरू झाली होती. १९८५ मध्ये हीरो समूह आणि जपानच्या शोवाने मिळून मुंजाल शोवा काढली, ती इथेच गुडगावला. मी ज्या रस्त्याने दमदम्याला जातो तो त्याच शहरातून निघतो.

कंबर सरळ झाल्यावर करोल बागेत नाईवाला गल्लीत गेलो. मोटरसायकलच्या सामानाची दिल्लीतली ही मोठी पेठ. महागडा गॅसचा शॉकअप घ्यायचाच असं ठरवून गेलो होतो. दुकानातले वयस्क सरदारजी म्हणाले, "वज़न कितना है, साहब?" मी बहात्तर सांगितलं. "बूट, जैकेट, हेलमेट, टूल के साथ?" ते मी कधी तोललं नव्हतं. "और बैठती कितनी है?" तेही माहीत नव्हतं. "पहले नाप के आओ." विकायला बसलेला माणूस परत पाठवतो हे मी प्रथमच पाहिलं.

मग क्वार्टरच्या अंगणात मोजमाप. सगळ्या सामानासकट मी शहाऐंशी किलो भरलो. आधी मागचं चाक अधांतरी ठेवून आसापासून मागच्या मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर घ्यायचं, मग पूर्ण सामान घालून वर बसून तेच परत घ्यायचं. दोन्हींतला फरक म्हणजे सॅग, गाडी किती बसते ते. माझ्या गाडीचं मागचं चाक एकूण १७० मिलिमीटर हलतं, त्यातलं साधारण तिसरा हिस्सा बसायला हवं. शेजारच्या हवालदाराने हँडल धरलं, बायकोने टेप लावली. शिंप्याची टेप. "अहो, हलू नका, नाहीतर परत मोजावं लागेल," असं तिने तीनदा बजावलं.

दहाव्या घरावर गाडी फक्त ३४ मिलिमीटर बसत होती. म्हणजे खळगा आला तर चाकाला खाली उतरायला तेवढीच जागा, पुढे ते हवेत लटकणार. पडलो का ते अंगणातच कळलं. शिवाय घरं वाढवल्याने स्प्रिंग कडक होतच नाही, गाडी फक्त वर उचलली जाते. कडकपणा तारेच्या जाडीत आणि वेढ्यांत असतो. हे मला कुणीतरी वीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. चौथ्या घरावर ५२ मिळालं, तिथे थांबलो.

पुढचा फोर्क उघडला तर आतलं तेल राखाडी झालेलं, सडक्या मासळीसारखा वास. तेल आणि सील बदलले. दोन्ही नळ्यांतली तेलाची पातळी स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क पूर्ण दाबून, पट्टीने मिलिमीटरपर्यंत सारखी केली. एका नळीत कमी-जास्त राहिलं तर दोन्ही सारखं काम करत नाहीत. खर्च महागड्या शॉकअपच्या मानाने किरकोळ. या गाडीला कंपनीचंच रॅली किट मिळतं, पुढे २५० आणि मागे २२० मिलिमीटर. मोह झाला. पण त्याने गाडी आणखी उंच होते आणि दगडांत थांबताना पाय टेकत नाहीत. नवशिक्याचा पाय वारंवार टेकतो. सध्या नको.

गेल्या रविवारी त्याच उतारावरून उतरलो. मागून दगडांचा खडखडाट ऐकू येत होता, चाक मात्र बाजूला गेलं नाही. तळाला एकदा लागलं, मोठ्या खड्ड्यात, आणि तो खड्डा मी चुकवायला हवा होता.

संध्याकाळी उस्तादांना फोन केला. कंबर कशी आहे हे त्यांनी विचारलंच नाही.

"कितव्या घरावर आहे?"

"चौथ्या, उस्ताद."

"थंडीची जाड जर्सी घालायला लागलास की परत मोज."