शस्त्रपरवान्यातील एक अट : महाविद्यालयाचे आवार आणि शस्त्रधारणेचा हक्क

वाशीम जिल्ह्यातील एखाद्या शेतकऱ्याने रानडुकरांपासून पिकाचे रक्षण करण्यासाठी बंदुकीचा परवाना मिळविला, तर १९६२ च्या शस्त्र-नियमांखालील छापील नमुन्यातील एक अट त्याला बहुधा अनावश्यकच वाटली असती. जिल्हादंडाधिकाऱ्याने विशेष अनुज्ञा दिली असल्याखेरीज परवानाधारकाने आपले शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत अथवा अन्य सार्वजनिक जमावात, तसेच कोणत्याही शिक्षणसंस्थेच्या आवारात नेऊ नये, अशी ती अट होती. अमेरिकेत ज्या प्रश्नाने विधिमंडळे आणि न्यायालये वर्षानुवर्षे व्यापली, तो प्रश्न येथे अर्ध्या वाक्यात निकालात काढलेला दिसतो. मात्र या अर्ध्या वाक्यामागील इतिहास तितका अल्प नाही.

लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीत १८७८ साली शस्त्रांचा कायदा झाला. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला आणि युरोपीयांना त्यातून सूट मिळाली. वऱ्हाड हा प्रांत नावाने निजामाचा असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप लागू होत नसत, ते गव्हर्नर-जनरलच्या आदेशाने लागू करावे लागत. वाशीम हा त्या काळी स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अकोला जिल्ह्यात विलीन झाला. सुशिक्षितांना बोचत होती ती बंदुकीच्या अभावापेक्षा वंशभेदाची बाब. राष्ट्रसभेच्या १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविषयी ठराव आला होता. तेव्हा शस्त्रधारणेची मागणी ही मूलतः प्रतिष्ठेची मागणी होती, हे ध्यानात घेतले नाही तर पुढील घटनांचा अर्थ लागत नाही.

या मागणीने १९३१ च्या मार्चमध्ये कराची येथे निश्चित रूप धारण केले. राष्ट्रसभेच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, योग्य ते नियम व मर्यादा यांच्या अधीन राहून प्रत्येक नागरिकास शस्त्र बाळगण्याचा व वापरण्याचा हक्क असेल, असे कलम घालण्यात आले. त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी, २२ जुलै १९३१ रोजी, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात एका विद्यार्थ्याच्या कपड्यांत लपविलेले पिस्तूल बाहेर आले.

मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन त्या दिवशी महाविद्यालयास भेट देण्यास आले होते. वाडिया ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने अगदी जवळून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. हॉटसन वाचले. खिशातील पाकिटाच्या धातूच्या भागावर गोळी अडली, असे सरकारी बाजूने सांगण्यात आले. लोकांत मात्र त्यांनी अंगात चिलखत घातले असल्याची कथा रूढ झाली आणि ती दीर्घकाळ टिकली. (फसलेल्या नेमाला लोककथा नेहमीच असा एखादा सन्मान्य खुलासा शोधून देते.) कृत्यामागील कारण गोगट्यांनी लपविले नाही. मे १९३० मधील सोलापूरचा लष्करी कायदा आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास दिलेली फाशी, यांचा तो सूड होता. गोगट्यांना सक्तमजुरीची शिक्षा झाली आणि १९३७ मध्ये त्यांची मुक्तता झाली. पुढे ते वकील झाले, परंतु ‘हॉटसन-गोगटे’ हे नाव त्यांना कायमचे चिकटले.

या घटनेवरील प्रतिक्रियांत दोन भिन्न प्रश्नांची सरमिसळ झालेली आढळते. सूड न्याय्य होता की नाही, हा एक प्रश्न. ग्रंथालयात शस्त्र न्यावे की नाही, हा दुसरा. गांधीजींनी हल्ल्याचा निषेध करताना हॉटसन हे महाविद्यालयाचे पाहुणे होते या गोष्टीवर भर दिला, म्हणजे नकळत दुसऱ्या प्रश्नालाच हात घातला. ऑगस्टमध्ये मुंबईस भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीनेही या कृत्याचा निषेध केला. शस्त्रधारणेचा हक्क मागणारी संस्थाच येथे शस्त्रधाऱ्याला दोष देत होती. पण यात विसंगती पाहणे उथळपणाचे होईल. कराचीच्या कलमातील ‘नियम व मर्यादा’ हे शब्द शोभेसाठी घातलेले नव्हते. शिवाय महाविद्यालयांना शस्त्र अपरिचित होते असेही नाही. विद्यापीठांच्या प्रशिक्षण पथकांत विद्यार्थी रायफल घेऊन उघडपणे कवायत करीत असत, आणि १९४८ मध्ये त्यांच्या जागी राष्ट्रीय छात्रसेना आली. शस्त्र उघडे आणि हुकुमाखाली असणे निराळे, गुप्त आणि एकाच्या मर्जीवर असणे निराळे.

हा भेद घटना-समितीत अधिक स्पष्ट झाला. डिसेंबर १९४८ च्या आरंभी, मूलभूत हक्कांची चर्चा चालू असताना, मध्यप्रांत व वऱ्हाडचे सदस्य हरि विष्णु कामत यांनी शस्त्रधारणेचा हक्क घटनेत समाविष्ट करावा अशी दुरुस्ती मांडली आणि कराचीच्या ठरावाचा आधार घेतला. वाशीम ज्या प्रांतात मोडत होते, त्या प्रांतातूनच ही मागणी यावी, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. कराचीचा ठराव परकीय सत्तेच्या परिस्थितीत झाला होता व ती परिस्थिती आता उरली नव्हती, हा त्यांचा पहिला मुद्दा. असा हक्क दिल्यास चोर, खिसेकापू व सराईत गुन्हेगार यांना तो कसा नाकारणार, हा दुसरा. तिसरा मुद्दा सर्वांत मार्मिक होता: आग्रह धरावयाचा तो हक्काचा नव्हे तर कर्तव्याचा, म्हणजे राज्याच्या संरक्षणासाठी बोलावणे येताच शस्त्र हाती घेण्याच्या कर्तव्याचा. दुरुस्ती फेटाळली गेली. घटनेने नागरिकांना शांततेने व शस्त्राविना एकत्र जमण्याचा हक्क दिला.

अमेरिकेचा मार्ग याच्या उलट गेला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धवट खरी आहे. १८२४ च्या ऑक्टोबरात व्हर्जिनिया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने विद्यार्थ्यांना आवारात शस्त्रे बाळगण्यास मनाई केली, आणि त्या मंडळात जेफर्सन व मॅडिसन हे दोघेही होते. त्याच विद्यापीठात १८४० मध्ये प्राध्यापक जॉन डेव्हिस यांना एका विद्यार्थ्याची गोळी लागून मृत्यू आला. १ ऑगस्ट १९६६ रोजी टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून गोळीबार झाला. बरोबर पन्नास वर्षांनी, १ ऑगस्ट २०१६ रोजी, परवानाधारकांना त्याच विद्यापीठाच्या इमारतींत दडविलेले पिस्तूल नेण्यास मुभा देणारा त्या राज्याचा कायदा अमलात आला. २००७ साली व्हर्जिनिया टेक येथे ३२ जणांची हत्या झाल्यापासून तेथील वादाचे दोन्ही पक्ष एकाच घटनेचा दाखला देतात: एकाच्या मते कोणाजवळ तरी शस्त्र असते तर बळी कमी पडले असते, दुसऱ्याच्या मते शस्त्र सहज मिळाले नसते तर ही हत्याच घडली नसती. दोन्ही तर्क न घडलेल्या गोष्टीवर उभे असल्याने इतिहासाला त्यांचा निवाडा करता येत नाही.

भारतात १९५९ चा शस्त्र-कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. १९८३ च्या दुरुस्तीने शस्त्रधारणेची किमान वयोमर्यादा १६ वरून २१ वर्षांवर नेली, त्यामुळे पदवीचा बहुतेक विद्यार्थिवर्ग परवान्याच्या कक्षेबाहेरच राहिला. १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुनः स्वतंत्र जिल्हा झाला. तोवर कारंजा, मंगरूळपीर वा रिसोडच्या अर्जदाराला परवान्यासाठी अकोल्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्याकडे जावे लागे, तो आता वाशीमला जाऊ लागला. अटींचा छापील नमुना मात्र तोच होता.