फुप्फुसदाहाची साक्ष : छातीचे चित्रण व रक्तपरीक्षा

छत्रपती संभाजीनगरातील क्रांती चौकाशी १८५७ची स्मृती निगडित आहे. हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातील बंडखोर शिपायांना येथील काळ्या चबुतऱ्यापाशी देहदंड दिला गेला, असे शहराची परंपरा सांगते. बंडाची आठवण दगडात राहते; साथीची आठवण मात्र बहुधा कागदात राहते, आणि तो कागदही घरोघरच्या कपाटांतून विखुरलेला असतो. २०२० व २०२१ या दोन वर्षांत या शहरातील कितीतरी कुटुंबांपाशी छातीच्या सी.टी. स्कॅनच्या फिल्मा आणि रक्ततपासणीचे अहवाल साठले. त्या कागदांची साक्ष इतिहासाच्या अभ्यासकाने कशी वाचावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम १९१८कडे पाहू. त्या वर्षी जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएंझाची पहिली लाट आली. सप्टेंबरच्या दुसऱ्या लाटेने फुप्फुसदाहाचे उग्र रूप धारण केले. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. मुंबई इलाख्यातील बळींची संख्या दहा लाखांहून अधिक मानली जाते. रंटगेनने क्ष-किरणांचा शोध १८९५ सालीच लावला होता. परंतु ती यंत्रे सामान्य रुग्णाच्या आवाक्यात नव्हती. वैद्याच्या हाती होती ती श्रवणनलिका, तापमापक आणि बोटांनी छाती ठोकून पाहण्याची रीत. रोगाचे कारण म्हणून अनेक जण फायफरच्या जंतूकडे बोट दाखवीत. प्रत्यक्षात ते कारण विषाणू होता, व माणसातील हा विषाणू वेगळा काढण्यात १९३३ साली यश आले. म्हणून १९१८च्या साथीची जी कागदपत्रे उरली, ती प्रायः मृतांच्या संख्येची आहेत. एकेका रुग्णाच्या फुप्फुसात काय घडले याची साक्ष त्यांत क्वचितच मिळते.

पुढील साधने टप्प्याटप्प्याने आली. १९३० साली टिलेट व फ्रान्सिस या संशोधकांना न्यूमोकॉकस जंतूने झालेल्या फुप्फुसदाहाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात एक विलक्षण पदार्थ आढळला. रोगाच्या भरात तो दिसे आणि रुग्ण बरा होताच नाहीसा होई. आज ‘सी.आर.पी.’ या नावाने घरोघर माहीत झालेली तपासणी ती हीच. १९७१ साली हाउन्सफील्डच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सी.टी. चित्रण झाले, आणि कालांतराने छातीचेही सूक्ष्म छेद पाहता येऊ लागले.

ही सर्व साधने २०२०मध्ये एकाच वेळी कसोटीला लागली. घशातील स्रावाच्या तपासणीस विलंब होई आणि तीत काही रुग्ण निसटत. तेव्हा चित्रणाचा आधार घेण्याचा मोह स्वाभाविक होता. चीनच्या हुबेई प्रांताने फेब्रुवारी २०२०मध्ये चित्रणावरून निदान झालेले रुग्ण मोजण्यास आरंभ करताच एका दिवसात सुमारे पंधरा हजारांची भर पडली. रोग रातोरात वाढला नव्हता. मोजण्याची व्याख्या बदलली होती. आकडा वाचण्यापूर्वी त्याची व्याख्या वाचावी, हा धडा इतिहासाच्या विद्यार्थ्यास येथे मिळतो.

हाच धडा ‘स्कोअर’ या शब्दासही लागू पडतो. उजव्या फुप्फुसाचे तीन व डाव्याचे दोन अशा पाच खंडांना प्रत्येकी पाचपर्यंत गुण देऊन पंचवीसपैकी बाधा मोजण्याची पद्धत रूढ झाली. चीनमधील अन्य अभ्यासकांनी चाळीसपैकीही मोजणी केली होती. ‘स्कोअर किती?’ हा प्रश्न मराठी घरांत प्रकृतीच्या चौकशीचा पर्याय होऊन बसला. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२०मध्ये खासगी केंद्रांतील या चित्रणाचे दर यंत्राच्या क्षमतेनुसार २,०००, २,५०० व ३,००० रुपये असे बांधून दिले, यावरूनच मागणीची कल्पना येते. ३ मे २०२१ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’चे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य रोगात सी.टी. करू नये असे बजावले. एका चित्रणातील किरणमात्रा छातीच्या तीनशे-चारशे क्ष-किरण चित्रांइतकी असते, हे त्यांचे विधान क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेस मान्य झाले नाही. आधुनिक यंत्रांची मात्रा पुष्कळ कमी असते, असे तिचे म्हणणे होते. तथापि सौम्य रोगात सरसकट चित्रण नको, हा मूळ सल्ला फ्लायश्नर सोसायटीने एप्रिल २०२०मध्येच दिला होता.

आता एक महत्त्वाचा मुद्दा. लक्षणे दिसू लागल्यापासून पहिल्या दोन दिवसांत चित्रण झालेल्या ३६ रुग्णांच्या एका चिनी अभ्यासात २० जणांची फुप्फुसे निर्दोष दिसली होती. म्हणजे लवकर केलेले चित्रण कित्येकदा खोटा दिलासा देई. रक्तपरीक्षेचेही तसेच. लसीकापेशींची घट, वाढलेले सी.आर.पी., फेरिटिन व डी-डायमर ही तीव्रतेची चिन्हे खरी. पण त्यांपैकी एकही या विषाणूचे विशिष्ट चिन्ह नव्हे. एकाच दिवसाच्या आकड्यापेक्षा दोन-तीन दिवसांतील चढउतारास अधिक अर्थ असतो. म्हणूनच एप्रिल २०२१च्या राष्ट्रीय उपचारसूचनेत मध्यम रोगात सी.आर.पी. व डी-डायमर ४८ ते ७२ तासांनी पाहावे आणि सी.टी. प्रकृती ढासळल्यासच करावे, असे म्हटले होते.

उपचाराचा निर्णय कशावर ठरला, हे पाहिले म्हणजे या साधनांचे स्थान स्पष्ट होते. जून २०२०मधील ब्रिटिश ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोनने प्राण वाचले ते ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे. इतरांना लाभ आढळला नाही. येथे सीमारेषा श्वासाने आखली, स्कोअरने नव्हे. उलट फेब्रुवारी २०२१मध्ये त्याच चाचणीने टोसिलिझुमॅबचा लाभ दाखविला, तेव्हा रुग्णनिवडीत ऑक्सिजनच्या कमतरतेबरोबर सी.आर.पी. लिटरला ७५ मिलिग्रॅम वा अधिक असण्याची अट होती. श्वास आणि रक्त यांची साक्ष जुळली, तेव्हाच आकड्यास अर्थ आला.

अनेक कुटुंबांच्या मनात अजूनही एक शल्य आहे : ‘स्कॅन दोन दिवस आधी केला असता तर?’ वरील विवेचनावरून दिसते, की ते दोन दिवस कदाचित निर्दोष चित्रच दाखविते. ती फिल्म त्या दिवशीच्या फुप्फुसाची साक्ष देते; घरच्या माणसांनी कमी काळजी घेतली की काय, याची नव्हे. १९१८च्या मृतांचे आकडे उरले, पण त्यांच्या छातीत काय झाले ते उरले नाही. आपल्या कपाटांत ते उरले आहे. ते कागद फेकू नयेत, आणि त्यांना न्यायनिवाड्याचे रूपही देऊ नये. साक्ष जपणे आणि तिची मर्यादा ओळखणे, ही दोन्ही इतिहासाचीच कामे होत.