बॉयलरचा मालक कोण?

बॉयलर फुटला की चूक कोणाची हा प्रश्न आधी निघतो, आणि बोट बहुधा भट्टीपाशी राबणाऱ्याकडे वळते. तो बिचारा अनेकदा उत्तर द्यायला उरलेलाही नसतो.

१८६३ साली कलकत्त्यात असाच भीषण स्फोट होऊन माणसे दगावली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला, पण तो कलकत्ता शहर आणि उपनगरांपुरता. नंतर प्रांतोप्रांती निरनिराळे कायदे निघाले. सर्वांना एकच नियम लावला तो १९२३च्या कायद्याने. नोंदणी आणि तपासणीचा दाखला नसेल तर बॉयलर वापरायचा नाही. अपघात झाला तर चोवीस तासांत निरीक्षकाला कळवायचे. सेफ्टी व्हॉल्व्ह निकामी करणे हा तर गुन्हाच. (असे महाभाग होते, म्हणून तर कलम घालावे लागले!)

मला मात्र महत्त्वाची वाटते ती या कायद्यातली ‘मालक’ शब्दाची व्याख्या. बॉयलर भाड्याने किंवा उसना आणून वापरणाराही तिच्यात मालकच ठरला. ‘बॉयलर माझा नाही हो’ म्हणून हात झटकायची सोय राहिली नाही. २०२५ साली या कायद्याची जागा नव्या बॉयलर कायद्याने घेतली. सेफ्टी व्हॉल्व्हशी केलेला खेळ तिथेही फौजदारी गुन्हाच आहे.