लेखणीचे पुनरागमन

१/ सन १९९३. अ‍ॅपलने ‘न्यूटन मेसेजपॅड’ बाजारात आणला. माणसाने पडद्यावर लिहावे आणि यंत्राने ते वाचावे, हा त्यामागील संकल्प. पहिल्या यंत्राचे वाचन मात्र इतके चुकत असे की ते उपहासाचा विषय ठरले.

२/ जेफ हॉकिन्स यांनी प्रश्न उलटा मांडला. खिशात मावेल असा लाकडी ठोकळा ते सोबत बाळगत. लेखणी म्हणून चॉपस्टिकचा तुकडा. त्यावर लिहिण्याचा अभिनय करून ते उपकरणाचा आकार पारखत.

३/ १९९६ मध्ये त्यांचा ‘पायलट’ आला. त्यातील ‘ग्राफिटी’ लिपीत बहुतेक रोमन अक्षरे एका फटकाऱ्यात उमटत. यंत्राने माणसाचे अक्षर शिकण्याऐवजी माणसाने यंत्राची लिपी शिकली. ग्राहकांनी ही तडजोड स्वीकारली.

४/ जानेवारी २००७ मध्ये आयफोन सादर करताना स्टीव्ह जॉब्स यांनी लेखणी जाहीरपणे नाकारली. बोट पुरेसे होते.

५/ पुढे पडदे मोठे झाले. २०११ मध्ये ५.३ इंची ‘गॅलेक्सी नोट’ लेखणीसह आला. २०१५ मध्ये खुद्द अ‍ॅपलने ‘आयपॅड प्रो’साठी ‘पेन्सिल’ आणि कळफलक जोडलेले आवरण आणले.

६/ या दोन लेखण्यांची जात निराळी. ‘नोट’च्या पहिल्या लेखणीत बॅटरी नव्हती; पडद्याखालील थर चुंबकीय क्षेत्राद्वारे तिला ऊर्जा पुरवी. ‘पेन्सिल’ चार्ज करावी लागे. एकीचे लिहिणे दुसऱ्या पडद्यावर उमटत नसे. न्यूटनच्या काळी माणसाचे अक्षर यंत्राला जुळत नव्हते. आता लेखणी पडद्याशी जुळते का, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे लागते.